नरक्यातून कॅम्प्टोथेसिन निघतच नाहीये, मदत हवी आहे (तातडीने)

प्रयोगवही
नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नरक्या या झाडाच्या लाकडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य काढायचं आहे. तीन वेळा एक्स्ट्रॅक्शन केलं आणि तिन्ही वेळा एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं मशीन) सपाट रेघ आली. विकतचं स्टँडर्ड (शुद्ध कॅम्प्टोथेसिन) टाकलं की छान पीक (आलेखावरचं टोक) येतं, म्हणजे मशीन ठीक आहे. अल्कलॉइड ओळखायची ड्रॅगनडॉर्फ टेस्टही निगेटिव्ह. पद्धत नेहमीचीच वापरली. लाकूड खोटं असू शकतं का? १९ दिवसांत सबमिशन आहे आणि पुढे कॅन्सरच्या पेशींवर एमटीटी (किती पेशी जगल्या ते रंगावरून मोजायची चाचणी) करायचं अजून बाकी आहे. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

रानवाटा
लाकूड कुठून आणलं ते आधी सांगा. आमच्याकडे आंबोली, दोडामार्ग, चंदगड या पट्ट्यात नरक्या चोरून तोडणाऱ्यांनी जंगलं पोखरली आहेत. ट्रकच्या ट्रक पकडले गेलेत. बाजारात 'नरक्या' म्हणून मिळणारा भुसा घेतला असेल तर तो कुठल्याही झाडाचा असू शकतो.
दुसरं, नावाचा घोळ. नरक्याला काही ठिकाणी घाणेरा म्हणतात आणि टणटणीला घाणेरी. एका मुलाने घाणेरीच्या काड्या आणलेल्या मी स्वतः पाहिल्यात. फुलं आलेली असताना झाड पाहिलं होतं का? त्या वासाने नरक्या चुकत नाही.

द्रावणवाला
नेहमीची पद्धत म्हणजे कुठली? प्रत्येक लॅबची नेहमीची पद्धत वेगळी असते. खोड, मूळ की पान? किती ग्रॅम? कशात काढलं, शेवटी कशात विरघळवून इंजेक्ट केलं, कुठल्या वेव्हलेंथला पाहिलं? एवढं कळल्याशिवाय कुणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

प्रयोगवही
@रानवाटा, चंदगड तालुक्यातल्या मैत्रिणीच्या मालकी रानातलं झाड आहे. वाऱ्याने मोडलेली फांदी होती, झाड तोडलेलं नाही. परवानगीची कागदपत्रं गाइड मॅडमनी केली आहेत. बॉटनीच्या सरांनी पान-फळ बघून नोथापोडायटीस निम्मोनियाना (नरक्याचं शास्त्रीय नाव) म्हणून ओळख पटवली आणि हर्बेरियमची शीटही केली आहे.
@द्रावणवाला, फांदीचं लाकूड, वाळवून दळलेलं, ५० ग्रॅम. मेथॅनॉलमध्ये सॉक्सलेट (उकळत्या द्रावकाने पुन्हा पुन्हा धुऊन अर्क काढायचं उपकरण) ८ तास. नंतर क्लोरोफॉर्मचा थर घेऊन सुकवला, मेथॅनॉलमध्ये विरघळवला. एचपीएलसीला सी-१८ कॉलम, २५४ नॅनोमीटर.

रानवाटा
मग लाकडाबद्दल माझी शंका मिटली. मोडलेली फांदी वापरलीत, बरं वाटलं. पुढच्या वेळी बिया किंवा कोवळी फळं बघा. त्यांतही हे द्रव्य असतं आणि झाड उभं राहतं.

थंडपद्धत
आठ तास सॉक्सलेट? तिथेच घात झाला. वनस्पतीतलं नाजूक द्रव्य एवढा वेळ उकळलं तर काय उरणार? तीन दिवस मेथॅनॉलमध्ये थंड भिजवून ठेवा, रोज हलवा. मी अर्जुनसालीवर असंच केलं होतं, उत्तम उतारा मिळाला.

द्रावणवाला
कॅम्प्टोथेसिन उष्णतेने मरणारं द्रव्य नाही. २६० अंशांच्या पुढे वितळतं ते. मेथॅनॉल ६५ अंशांना उकळतं. सॉक्सलेटने हे काम अनेकांनी केलंय. अर्जुनसालीतले टॅनिन्स आणि हे यांची तुलनाच होत नाही.

थंडपद्धत
मी अनुभवाचं सांगतोय, पुस्तकातलं नाही. थंड भिजवण्याने नुकसान तर होणार नाही ना?

द्रावणवाला
तीन दिवसांचं नुकसान होईल. तिच्याकडे १९ आहेत.

बुरशीमित्र
माझं ऐकाल तर लाकडाचा नादच सोडा. नरक्याच्या आत राहणारी बुरशीसुद्धा कॅम्प्टोथेसिन तयार करते, जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे २००५ साली प्रसिद्ध केलं आहे. फांदीचा तुकडा वरून निर्जंतुक करून पीडीए प्लेटवर (बुरशी वाढवायच्या खाद्यावर) ठेवा, बुरशी वाढेल, तिच्यातून द्रव्य काढा. झाडाला धक्का नाही आणि लाकूडही दळायला नको.

द्रावणवाला
आणि ती बुरशी दोन-चार वेळा नव्या प्लेटवर नेली की द्रव्य करणं कमी करत जाते, तेही सांगा. विषय खरंच मोठा आहे, पण तो पीएचडीचा आहे.

आईसाठी_माहिती
ताई, मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. गावाकडे एकांनी नरक्याची पूड दुधातून द्यायला सांगितली आहे. तुम्ही यावरच काम करताय तर किती प्रमाणात द्यावी हे सांगाल का?

प्रयोगवही
दादा, कृपया देऊ नका. आम्ही हे ग्लोव्हज घालून हाताळतो. या द्रव्याने रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं, जबर जुलाब होतात. पुडीत किती आहे ते तर कुणालाच माहीत नाही, मलाच अजून मोजता आलेलं नाही. आईंच्या डॉक्टरांना विचारा.

निवृत्त_मास्तर
आईसाठी विचारणाऱ्या भावास, मुलीने बरोबर सांगितलं आहे. याच द्रव्यापासून बनवलेलं इरिनोटेकॅन हे औषध आतड्याच्या कॅन्सरवर दिलं जातं, अमेरिकेत १९९६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तेही दर वेळी रक्त तपासून, मोजून, शिरेतून देतात. आईंना ते आधीच चालू असेल आणि वर पूड गेली तर काय होईल याचा विचार करा. पुडीचं नाव ऑन्कॉलॉजिस्टना नक्की सांगा, लपवू नका.
आता मूळ प्रश्नाकडे. मुली, 'क्लोरोफॉर्मचा थर' असं तू एका वाक्यात उरकलंस. मेथॅनॉल आणि क्लोरोफॉर्म एकमेकांत मिसळतात. मग थर कुठून आला? मध्ये काय काय केलंस ते पायरीपायरीने लिही.

प्रयोगवही
सर, ते सगळ्यांना माहीत असेल म्हणून लिहिलं नाही. अल्कलॉइड काढायची पद्धत. मेथॅनॉल उडवलं, उरलेलं २ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये घेतलं, गाळलं, मग अमोनियाने पीएच ९ ते १० केला आणि क्लोरोफॉर्मने तीनदा काढलं. खालचा क्लोरोफॉर्म ठेवला, वरचं पाणी टाकलं. बीएस्सीला नक्स व्होमिकाचं (कुचल्याच्या बियांचं) असंच केलं होतं.

हळदकर
यापेक्षा हळद घ्यायची. कर्क्युमिन सांगलीच्या हळदीत भरपूर, रंगच दिसतो, हातात लगेच येतं. एमटीटीही सुरेख येतं.

द्रावणवाला
हळदकर, कर्क्युमिन ३७ अंशांना नुसत्या बफरमध्ये अर्ध्या तासात बहुतांश नष्ट होतं आणि त्याचा स्वतःचा रंग वाचनात घुसतो. 'सुरेख' आकडे कशाचे ते आधी तपासावे लागतात. तो वेगळा धागा काढा, मी येतो.
प्रयोगवही, वरचं पाणी टाकलं??

निवृत्त_मास्तर
सापडलं. लाकूड खरं आहे, मशीन ठीक आहे, तुझा हातही ठीक आहे. तुझं कॅम्प्टोथेसिन तू मोरीत ओतलंस.
नक्स व्होमिकातलं स्ट्रिक्नीन क्षारीय आहे. आम्लात त्याचं मीठ (पाण्यात विरघळणारं लवण) होतं, अमोनिया घातला की सुटं होऊन क्लोरोफॉर्ममध्ये जातं. कॅम्प्टोथेसिनला अल्कलॉइड म्हणतात खरं, पण ते जवळजवळ क्षारीय नाहीच. आम्लाशी त्याचं धड मीठ होत नाही. ड्रॅगनडॉर्फ निगेटिव्ह आली म्हणून घाबरायचं कारण नव्हतं, या द्रव्यासाठी त्या टेस्टवर विसंबूच नये.
मुख्य गोष्ट त्याच्या रेणूतल्या अणूंच्या शेवटच्या कड्याची. ते लॅक्टोन कडं आहे. आम्लात मिटलेलं राहतं. पीएच ९ ला उघडतं आणि कार्बॉक्सिलेट होऊन पाण्यात विरघळतं. क्लोरोफॉर्ममध्ये जाईल कशाला? तू अमोनिया घातलास तेव्हाच सगळा माल वरच्या थरात गेला.
ही चूक तुझी एकटीची नाही, म्हणून थोडं लांबण लावतो. हे द्रव्य वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं. पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचं सोडियम मीठ करून, म्हणजे कडं उघडूनच, १९७० च्या सुमारास अमेरिकेत रुग्णांना दिलं गेलं. गुण कमी आला आणि मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. लघवी आम्लधर्मी असते, तिथे कडं पुन्हा मिटून द्रव्य जागं होत होतं. चाचण्या थांबल्या. ते पेशीत टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवरच अडकवून ठेवतं हे १९८५ मध्ये कळलं, आणि मग पुन्हा सगळे त्याच्याकडे वळले. कडं मिटलेलं की उघडं, एवढ्या एका गोष्टीपायी एवढी वर्षं गेली.

तापीकाठ
वाणी म्हणजे आमच्या नंदुरबारचे मनसुख वाणी! १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. टॅक्सोल हे कॅन्सरचं औषधही वॉल आणि त्यांचंच. जिल्ह्यातल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? शाळेत एक फोटो तरी लावायला हवा.

रानवाटा
आणि भारतात गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्यात दाखवलं, १९७२ साली. तेव्हा या झाडाचं नाव मॅपिया फोएटिडा होतं. त्यानंतर मागणी वाढली आणि घाटातल्या झाडांवर कुऱ्हाड आली.

प्रयोगवही
सर, हात थरथरतोय टाइप करताना. पहिल्या दोन वेळचं पाणी गेलं. तिसऱ्या वेळचं मॅडमनी टाकू दिलं नव्हतं, 'निकाल लागेपर्यंत काही टाकायचं नाही' म्हणून. फ्रिजमध्ये बाटली आहे. आत्ता यूव्ही चेंबरमध्ये ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात धरली, निळीशार चमकतेय!!

थंडपद्धत
अभिनंदन! म्हणजे सापडलंच.

द्रावणवाला
थांबा. निळी चमक म्हणजे कॅम्प्टोथेसिनच असं नाही. वनस्पतीतली कुमारिनं नावाची द्रव्यंही निळी चमकतात. पाणी हलवत हलवत थेंबथेंब सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच ३ पर्यंत आणा. घाई करू नका, कडं मिटायला वेळ द्या, रात्रभर राहू दे. तळाशी साका दिसला तर गाळून टाकू नका, त्यातही माल असू शकतो. मग क्लोरोफॉर्मने तीन-चारदा काढा, क्लोरोफॉर्म रोटाव्हॅपवर उडवा. सगळं फ्युम हूडमध्ये. एचपीएलसीच्या कॉलममधून वाहणारं पाणीही थोडं आम्लधर्मी ठेवा, नाहीतर कॉलममध्येच दोन रूपं होऊन एकाची दोन पीक दिसतील. उघडं रूप आधी बाहेर येतं.

थंडपद्धत
टीएलसी (पातळ थराच्या पट्टीवर ठिपका चढवून द्रव्य ओळखणं) करून बघा आधी. पाच मिनिटांचं काम. स्टँडर्डशेजारी ठिपका लावा, ३६५ खाली धरा. एचपीएलसीचा नंबर लागेपर्यंत उत्तर मिळेल.

द्रावणवाला
हे मात्र पटलं. आधी टीएलसीच करा.

प्रयोगवही
तीन दिवसांनी लिहितेय. टीएलसीवर ठिपका स्टँडर्डच्या बरोबरीने आला. आज एचपीएलसी झालं, पीक त्याच वेळेला. नमुन्यात थोडं स्टँडर्ड मिसळून पुन्हा टाकलं, तेच एक पीक उंच झालं, दुसरं फुटलं नाही. शेजारी एक लहान पीक आहे, मॅडम म्हणतात ९-मेथॉक्सीकॅम्प्टोथेसिन असेल, नरक्यात ते असतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणूचं वस्तुमान मोजायला) नमुना पाठवलाय. ३४९ आलं तर कॅम्प्टोथेसिनची खात्री. आधीच्या तिन्ही सपाट रेघा प्रबंधात जशाच्या तशा घालणार आहे.
आता एमटीटी. मी पीबीएसमध्ये (पेशींसाठी वापरायचं मिठाचं बफर) द्रावण करून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि २४ तासांनी वाचायचं ठरवलं होतं. चालेल?

निवृत्त_मास्तर
नाही, पुन्हा तीच चूक होईल. पीबीएसचा पीएच ७.४. त्यात कडं उघडू लागतं, आठवडा तर फार झाला.

द्रावणवाला
मूळ द्रावण कोरड्या डीएमएसओ या द्रावकात. पेशींवर टाकायच्या वेळीच मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) पातळ करा, लगेच टाका, शेवटी डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या आत. डीएमएसओचा कंट्रोल (द्रव्याशिवाय नुसतं डीएमएसओ घातलेल्या पेशी) ठेवा. पेशी डीएनएची प्रत काढत असतात तेव्हाच हे द्रव्य मारतं, म्हणून २४ तासांत फारसं दिसणार नाही. ४८ आणि ७२ तास धरा. मायक्रोमोलरने सुरुवात केलीत तर सगळ्या पेशी मेलेल्याच दिसतील, खाली नॅनोमोलरपर्यंत जा. पेशी कुठल्या?

प्रयोगवही
हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) आणि एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या), पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणलेल्या.

द्रावणवाला
ठीक. कच्चा अर्कही लावणार असाल तर प्लेटच्या पेशी नसलेल्या खळग्यात अर्क आणि एमटीटी घालून बघा. वनस्पतीतली फिनॉल्स पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात.

आईसाठी_माहिती
आज डॉक्टरांना पुडीबद्दल सांगितलं. आईच्या सलाइनमध्ये इरिनोटेकॅनच आहे. पूड दिली नाही. मास्तर आणि ताई, तुमचे फार उपकार झाले.

प्रयोगवही
दादा, आई लवकर बऱ्या होवोत.
@द्रावणवाला, डीएमएसओत १० मिलिमोलर स्टॉक केला तर बसेल ना?

द्रावणवाला
बसेल, किंचित कोमट करावं लागेल. छोट्या कुप्यांत भागून, फॉइल गुंडाळून उणे २० ला ठेवा. एक कुपी एकदाच उघडायची.