रोकड खरी आहे ना?
इन्व्हेस्टर रिलेशन्स, म्हणजे कंपनीच्या वतीने गुंतवणूकदारांशी बोलण्याचं काम, हे नुसतं गोड बोलून शेअर चढता ठेवणं आहे, असं काहीजण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. मी आयटी कंपनीत हेच काम करते. तिमाही संपली की तिचे आर्थिक निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतली माहिती असणाऱ्यांना कंपनीच्या शेअर्सचे व्यवहार करायची मुभा, बंद; आम्हालाही कंपनीचे शेअर विकता येत नाहीत. या दिवसांत शेअर विश्लेषकाने नफ्याच्या मार्जिनबद्दल कितीही खोदून विचारलं तरी शेअर बाजाराला कळवलंय तेवढंच सांगायचं. एकाच्या कानात जास्त सांगणं हा छोट्या गुंतवणूकदारांवर अन्याय आहे.

जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड मुळात नव्हतीच, हे उघड झालं. मी तेव्हा नवखी होते. तेव्हापासून लेखा विभागाकडून पुन्हा तपासून घेतल्याशिवाय एकही आकडा मी बाहेर जाऊ देत नाही.