युरोपियन पेटंट ग्रँट (मंजूर) झालंय, आता युनिटरी (अनेक देशांत मिळून एकच) घ्यावं की देशवार व्हॅलिडेशन (हव्या त्या देशात वेगळं लागू करून घेणं)? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं साकीनाक्याला छोटं वर्कशॉप आहे. सॉस, मध, चटणी असला घट्ट माल बाटलीत भरायच्या मशीनला लागणारे व्हॉल्व आम्ही बनवतो. माझ्या भावाने त्यात एक युक्ती काढली, भरणं थांबलं की तोंडाशी लोंबणारा शेवटचा थेंब पिस्टनच्या परतीच्या चालीतच आत ओढला जातो, त्यामुळे बाटलीचा गळा चिकट होत नाही आणि झाकण नीट बसतं. त्याचं आधी भारतात फाइल केलं, मग पीसीटी (आंतरराष्ट्रीय अर्ज), मग ३१ महिन्यांच्या मुदतीत युरोपियन पेटंट ऑफिसकडे गेलो, आणि आता म्युनिकहून ग्रँटचं पत्र आलंय. घरी पेढे वाटून झाले, पण खरं काम आत्ताच सुरू होतंय असं दिसतंय.

मला समजलंय ते असं. ग्रँट झालं की पेटंट बुलेटिनमध्ये ज्या बुधवारी नाव छापून येतं तिथून घड्याळ सुरू. युनिटरी पेटंट हवं असेल तर १ महिन्यात विनंती करायची, आणि देशवार जायचं असेल तर साधारण ३ महिने. युनिटरी १ जून २०२३ पासून सुरू झालंय, सध्या १८ देश येतात, जर्मनी, फ्रान्स, इटली त्यात आहेत, पण ब्रिटन, स्पेन, तुर्की नाहीत.

आम्हाला हवेत जर्मनी, इटली, ब्रिटन आणि तुर्की. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये गिऱ्हाईक आहे. इटली आणि तुर्कीत विक्री फारशी नाही, पण भरणी मशीन बनवणारे कारखाने तिथे भरपूर आहेत आणि कॉपी झाली तर तिथेच होणार, म्हणून माझ्या मते ते दोन देश गिऱ्हाइकांच्या देशांइतकेच महत्त्वाचे. भाऊ म्हणतो सरळ युनिटरी घे, १८ देश एका फटक्यात. मला ते पटत नाहीये कारण दरवर्षीची फी भरायची मला आहे, हिशोब मीच बघते. शिवाय इटली आणि तुर्कीला पूर्ण मजकुराचं भाषांतर लागतं म्हणे. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, काय स्वस्त आणि काय सुरक्षित?

—

प्रतिसाद:

ताई, आधी अभिनंदन. मी फोर्टला पेटंटच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मनी आणि ब्रिटनचं टेन्शन घेऊ नका. लंडन करारामुळे (पेटंटच्या भाषांतराबद्दलचा करार, २००८ पासून लागू) तिथे भाषांतर लागत नाही, ग्रँट झालं की पेटंट आपोआप लागू होतं, पुढे फक्त वार्षिक फी वेळेवर भरायची. ब्रिटनला तिथला पत्ता द्यावा लागतो पत्रव्यवहारासाठी. म्हणजे खर्च खरा दोनच ठिकाणी, इटली आणि तुर्की, आणि तुर्की कुठल्याही परिस्थितीत वेगळंच करावं लागणार.

राहिला प्रश्न जर्मनी अधिक इटलीचा. युनिटरीची वार्षिक फी साधारण, युरोपियन पेटंट सर्वात जास्त लागू केली जायची अशा चार देशांच्या एकत्र फीइतकी धरून ठरवलेली आहे. तुम्हाला युनिटरीतले दोनच देश हवेत, तर देशवार जाणं बहुतेक स्वस्त. भाषांतर सध्या युनिटरीतही सुटत नाही, इंग्रजी पेटंटला युरोपियन युनियनच्या आणखी एका भाषेत पूर्ण भाषांतर द्यावंच लागतं. आणि उद्या धंदा बसला तर देशवारमध्ये इटली सोडून जर्मनी ठेवता येतं, युनिटरी ठेवलं तर सगळं नाहीतर काहीच नाही.

सुरक्षितपणाचं म्हणाल तर युनिटरीवर कोणी युनिफाइड पेटंट कोर्टात (या देशांचं सामाईक पेटंट न्यायालय) जाऊन रद्द करायची मागणी केली आणि जिंकला तर १८ देशांतलं एकदम जातं. देशवार पेटंटला सध्या त्या कोर्टातून ऑप्ट-आउट करता येतं, म्हणजे त्याच्या कक्षेबाहेर ठेवता येतं, त्याला फी नाही. फक्त ग्रँटनंतर ९ महिने कोणीही म्युनिकला ऑपोझिशन (हरकत) टाकू शकतो, ते दोन्हीकडे सारखंच.

पण भाऊंचं म्हणणंही उडवून लावू नका. उद्या फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडनही हवे असतील तर युनिटरी परवडायला लागतं. ते आत्ताच ठरवायचं, १ महिना गेला की युनिटरीचं दार बंद, देशवारचं मात्र उघडं असतं.

—

धागाकर्ती:

खूप खूप आभार दादा, फीचं गणित आता लक्षात आलं. भावाशी बोलले, पुढच्या दोन-तीन वर्षांत फ्रान्सला माल जायची शक्यता तो स्वतःच नाही म्हणाला, त्यामुळे देशवारच करतोय. इटलीच्या एजंटला आज मेल टाकते. तुर्की भाषांतरासाठी मात्र मशीनमधले शब्द कळणारा माणूस हवा, पिस्टनच्या चालीवरच सगळा क्लेम (पेटंटमधला हक्काचा दावा) उभा आहे आणि तिथे एक शब्द चुकला तर उपयोग नाही. कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि भाषांतर तपासून घ्यायला आपल्याकडे काय पद्धत आहे तेही सांगा.