राखीव सेकंड स्टेज आणि बीसीडीचा इन्फ्लेटर एकत्र असलेले उपकरण घ्यावे का?

तळठाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी पत्नी गेली चार वर्षे डायव्हिंग करीत आहोत. सुरुवात तारकर्लीला झाली, त्यानंतर मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटावर दोन हंगाम आणि अंदमानात स्वराज द्वीपला दोन वेळा जाणे झाले. दोघांच्याही नोंदवहीत प्रत्येकी 60 च्या आसपास डायव्ह आहेत. आजवर भाड्याच्या सामानावर भागवले. आता स्वतःचे रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने देणारे उपकरण) आणि बीसीडी (हवा भरून पाण्यात तोल सांभाळणारे जाकीट) घ्यायचे ठरवले आहे.

विक्रेत्याने आम्हाला वेगळा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीची राखीव सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) घेण्याऐवजी, बीसीडीच्या इन्फ्लेटरमध्येच (जाकिटात हवा भरण्या-सोडण्याचा बटणांचा भाग) ती बसवलेले उपकरण सुचवले आहे. स्क्यूबाप्रोचे एअर टू आणि ॲटॉमिकचे एसएस वन अशी दोन नावे त्याने सांगितली. एक होज (हवेची नळी) कमी होते, अंगावर लोंबकळणारे काही राहत नाही आणि विमानात 15 किलोच्या मर्यादेत सामान बसवणे सोपे जाते, असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते ऐकताना पटतेही. मला मात्र एक शंका सतावते. पत्नीची हवा संपली आणि ती माझ्याकडे आली, तर मी तिला नेमके काय द्यायचे, आणि त्यानंतर इन्फ्लेटर माझ्याच तोंडात असताना वर येताना बीसीडीतील हवा कशी सोडायची? ज्यांनी ही रचना प्रत्यक्ष वापरली आहे किंवा शिकवली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

लाटेखाली

तुमची शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. मी काही वर्षे प्रशिक्षक म्हणून काम केले आहे आणि दोन्ही रचनांवर विद्यार्थ्यांकडून सराव करून घेतला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नेहमीच्या रचनेत तुमच्या तोंडातील मुख्य सेकंड स्टेज तोंडातच राहते आणि सुमारे 1 मीटर लांबीच्या होजवरचा ऑक्टोपस तुम्ही जोडीदाराला देता. एकत्रित उपकरणात हा क्रम उलटतो. इन्फ्लेटर तुमच्या डाव्या खांद्यावरून येणाऱ्या आखूड नळीला बांधलेला असल्यामुळे तो दुसऱ्याला देताच येत नाही. त्यामुळे तोंडातील मुख्य सेकंड स्टेज काढून जोडीदाराला द्यायची आणि स्वतः इन्फ्लेटरमधून श्वास घ्यायचा, एवढा एकच मार्ग उरतो. यात एक गोष्ट चांगली आहे. घाबरलेला माणूस पुष्कळदा समोरच्याच्या तोंडात जे दिसते त्यालाच हात घालतो, कारण त्यातून हवा येते आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत असते. जे हिसकावले जाण्याची शक्यता आहे तेच आपण होऊन द्यायचे, हा विचार मुळात चुकीचा नाही. फ्लोरिडातील गुहांमध्ये उतरणारे डायव्हर याच तत्त्वावर मुख्य सेकंड स्टेज 2.1 मीटर लांबीच्या होजवर ठेवतात, जेणेकरून अरुंद वाटेतून दोघांना एकामागून एक बाहेर पडता यावे.

अडचण होजच्या लांबीची आहे. दुकानातून येणाऱ्या संचात मुख्य होज साधारण 70 ते 75 सेंटिमीटर असते, आणि ती एकाच माणसाच्या खांद्यावरून त्याच्याच तोंडापर्यंत जाण्यापुरती असते. ती दुसऱ्याच्या तोंडात दिली की तुम्ही दोघे एकमेकांच्या इतके जवळ बांधले जाता की त्याने मान वळवली तरी माउथपीस ओढला जातो. इकडे तुमचीही मान डावीकडच्या आखूड नळीने जखडलेली असते. एकत्रित उपकरण घ्यायचेच असेल, तर मुख्य होज 1 मीटरची घ्या, ती उजव्या काखेखालून आणा आणि सेकंड स्टेजजवळ फिरता कोन बसवा. हा खर्च टाळण्याजोगा नाही, आणि विक्रेते तो सहसा सांगत नाहीत.

आता हवा सोडण्याबद्दल. साध्या इन्फ्लेटरने आपण डावा हात डोक्याच्या वर धरतो आणि बटण दाबतो. नळीचे टोक बीसीडीतील हवेपेक्षा उंच असल्यामुळे हवा निघून जाते. एकत्रित उपकरण तोंडात असताना ते टोक खांद्याच्याच पातळीवर अडकते आणि बटण दाबूनही हवा नीट निघत नाही. अशा वेळी खांद्यावरच्या किंवा कमरेमागच्या डम्प व्हॉल्व्हची दोरी ओढून हवा सोडावी लागते. उजव्या हाताने जोडीदाराचा पट्टा धरलेला असतो, म्हणून दोरी डाव्या हाताला न पाहता सापडली पाहिजे. आणखी एक सूक्ष्म बाब अशी, की तोंडाने बीसीडी फुगवण्याचा मार्गही याच माउथपीसमधून जातो. त्यामुळे हवा सोडण्याचे बटण दाबलेले असताना श्वास ओढला, तर बीसीडीतील शिळी हवा आणि साचलेले खारे पाणी तोंडात येऊ शकते. फुगवण्याचे, सोडण्याचे आणि पर्जचे (सेकंड स्टेजमधील पाणी हवेच्या झोताने बाहेर काढण्याचे) अशी तीन बटणे एकाच मुठीत येतात, आणि पर्ज समजून फुगवण्याचे बटण दाबणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

निवतीचा_दर्या

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात एक मुद्दा आला नाही, आणि माझ्या मते निर्णय त्याच मुद्द्यावर झाला पाहिजे.

इन्फ्लेटरमध्ये मिठाचे कण किंवा वाळू अडकली, की फुगवण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि बीसीडी आपोआप फुगू लागते. मला हा अनुभव नेत्राणीला 14 मीटरवर आला. भाड्याचा साधा इन्फ्लेटर होता. आदल्या दिवशी तो गोड्या पाण्याने धुतलाच नसावा. मी एका हाताने हवा सोडत राहिलो, दुसऱ्या हाताने क्विक डिस्कनेक्ट (होजची झटकन सुटणारी जोडणी) ओढून होज काढली, आणि तोंडाने फुगवून तोल सांभाळत सावकाश वर आलो. माझा ऑक्टोपस शाबूत होता, त्यामुळे माझ्यामुळे जोडीदाराची सुरक्षितता कमी झाली नाही.

हेच एकत्रित उपकरणावर घडले असते, तर होज काढताक्षणी राखीव सेकंड स्टेजही गेली असती, कारण दोन्ही कामे त्याच एका होजवर चालतात. एका बिघाडात दोन सोयी जातात. उलट दिशेनेही तेच होते. राखीव सेकंड स्टेजमधून हवा सतत वाहू लागली आणि ती थांबवण्यासाठी होज काढली, की बीसीडी फुगवायला तोंडाशिवाय दुसरे साधन उरत नाही. सुरक्षिततेची साधने जितकी एकमेकांपासून अलग असतील तितके बरे, असे मी मानतो, आणि म्हणून दोन पैसे व एक होज वाचवण्यासाठी मी ही जोडणी करणार नाही.

शिवाय एकत्रित उपकरणाचे क्विक डिस्कनेक्ट नेहमीच्या मापाचे नसते. साध्या इन्फ्लेटरच्या जोडणीतून बीसीडी फुगवण्यापुरतीच हवा जाते, माणसाला श्वास घेण्याइतकी जात नाही. म्हणून या उपकरणांना जास्त प्रवाहाची, मोठ्या मापाची जोडणी दिलेली असते. ती कमतरता नाही, गरजच आहे. पण याचा अर्थ असा, की तुमचे रेग्युलेटर भाड्याच्या बीसीडीला लागणार नाही, आणि तुमच्या बीसीडीला दुसऱ्याचे रेग्युलेटर लागणार नाही. अंदमानात वजन वाचवण्यासाठी फक्त रेग्युलेटर नेऊन बीसीडी तिथे भाड्याने घ्यायचा विचार असेल, तर हे आधीच ध्यानात घ्यावे.

खडकपाल

मी गेली 11 वर्षे एकत्रित उपकरणच वापरतो, आणि ते सोडण्याचे कारण मला सापडलेले नाही. वरचे दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

भाड्याच्या सामानातील ऑक्टोपस प्रत्यक्षात कुठे असतो ते पाहा. छातीवरच्या त्रिकोणात, म्हणजे हनुवटी आणि दोन्ही बरगड्यांच्या टोकांमध्ये तो अडकवलेला असावा असे आपण सगळेच शिकतो. पण क्लिप तुटलेली असते, आणि तो मांडीपाशी वाळूतून व प्रवाळांवरून फरफटत असतो. गरजेच्या क्षणी तो शोधावा लागतो आणि सापडल्यावर त्यात वाळू निघते. माझा इन्फ्लेटर मात्र प्रत्येक डायव्हमध्ये वीसतीस वेळा माझ्या हातात येतो, त्यामुळे तो कुठे आहे हे मला आठवावे लागत नाही. प्रत्येक डायव्हच्या सुरुवातीला, 5 मीटरवर, मी मुख्य सेकंड स्टेज काढून इन्फ्लेटरमधून दहा श्वास घेतो. वेगळा ऑक्टोपस असणारे किती जण पाण्याखाली तो तोंडात घालून पाहतात?

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो, आणि ती भारतात राहणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावी. या उपकरणात इन्फ्लेटर आणि सेकंड स्टेज अशा दोन यंत्रणा आहेत, आणि दोन्हींची नियमित सर्व्हिसिंग लागते. एका दुकानाने माझ्याकडून पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे घेतले आणि फक्त सेकंड स्टेजच्या ओ-रिंग बदलल्या. इन्फ्लेटरच्या बाजूचे सुटे भाग त्यांच्याकडे नव्हतेच, आणि ते त्यांनी मला सांगितलेही नाही. तेव्हापासून मी सुटे भाग आधी स्वतः मागवतो आणि मगच उपकरण देतो.

लाटेखाली

खडकपाल यांनी सांगितलेली दहा श्वासांची सवय दोन्ही रचनांत तितकीच मोलाची आहे. हवेचा एक हिशेब जोडतो. तुमच्या शंकेचा जीव त्यात आहे.

समजा, तुम्ही दोघे 20 मीटरवर आहात. तिथे दाब 3 बार. पृष्ठभागावर मिनिटाला 25 लिटर हवा लागणारा माणूस तिथे 75 लिटर ओढतो, दोघे मिळून 150. एकमेकांना सावरून वर निघेपर्यंत एक मिनिट गेले, म्हणजे 150 लिटर गेली. मिनिटाला 9 मीटर वेगाने वर यायला सव्वादोन मिनिटे लागतात, सरासरी दाब 2 बार, म्हणजे आणखी 225 लिटर. 11 लिटरच्या सिलिंडरमधून हे एकूण 34 बार झाले. 5 मीटरवर तीन मिनिटे थांबलात, तर आणखी 225 लिटर, म्हणजे एकूण सुमारे 55 बार. आणि घाबरलेला माणूस 25 लिटरवर भागवत नाही. म्हणून 50 बार घेऊन बोटीवर परतण्याचा नियम दोघांच्या हिशेबाने तोकडाच आहे. उपकरण अनोळखी वाटून तळाशी दोन मिनिटे जास्त गेली, तर काय होईल ते या आकड्यांवरून दिसेल. कोणती रचना घेता यापेक्षा, ती हाताळताना तळाशी किती वेळ जातो हे मी आधी मोजेन.

तळठाव

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हे सगळे बसून वाचले आणि घरच्या काट्यावर उसन्या आणलेल्या ऑक्टोपसचे होजसकट वजन केले. फरक अर्ध्या किलोचाही नाही, म्हणजे 15 किलोचा मुद्दा आमच्यापुरता निकालात निघाला. अंदमानात बीसीडी भाड्यानेच घ्यायची असल्यामुळे जोडणीच्या मापाची अडचणही आम्हाला परवडणारी नाही.

त्यामुळे साधा इन्फ्लेटर, 1 मीटरच्या होजवर मुख्य सेकंड स्टेज, आणि राखीव सेकंड स्टेज आखूड होजवर गळ्यात रबरी दोरीने अडकवलेली, असे घ्यावे असे वाटते. यातही तोंडातील सेकंड स्टेजच जोडीदाराला द्यायची असते आणि राखीव हनुवटीखालीच सापडते, शिवाय इन्फ्लेटर मोकळा राहतो. यात काही चूक होत आहे का?

निवतीचा_दर्या

चूक नाही. राखीवची होज 55 ते 60 सेंटिमीटर पुरते. गळ्यातील दोरी एवढीच सैल ठेवा की हात न लावता, फक्त मान खाली घालून माउथपीस तोंडात घेता यावा. आणि माउथपीस दोरीतून निसटत नाही ना, हे कोरड्यावर ओढून पाहा. मुख्य होज काखेखालून गेल्यावर तिच्यावर बीसीडीचा कुठलाही पट्टा येऊ देऊ नका, नाहीतर देताना ती अडकते. समुद्रावर जाण्याआधी तलावात 3 मीटरवर दोघांनी आळीपाळीने दहा-दहा वेळा द्या आणि घ्या, त्यातले निदान पाच वेळा मास्क काढून.