नगर परिषदेची निवडणूक आणि मतदारांचे ‘स्कोअर’: यादी कुठे कापावी? (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उपनगरी
अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या वेक काउंटीतल्या एका उपनगरात नगर परिषदेच्या एका वॉर्डची निवडणूक आहे. नोंदलेले मतदार साधारण 28,000. स्वयंसेवक 25, त्यातले निम्मे मराठी आणि तेलुगू. पाच शनिवार, प्रत्येकी तीन तास. प्रचाराकडे एका विक्रेत्याची यादी आली आहे. प्रत्येक नावापुढे 0 ते 100 मधले दोन आकडे आहेत, एक मतदानाला येण्याचा आणि दुसरा पक्षाला असलेल्या पाठिंब्याचा. जाणकारांना तीन प्रश्न.

मतदानाचा स्कोअर 80 च्या वर असलेले घेतले तरी 15,000 नावं उरतात. कुठे कापू?
पाठिंबा 45 ते 55 म्हणजे काठावरचे, त्यांच्याकडे आधी जावं का?
भारतीय वंशाच्या मतदारांची वेगळी यादी करायची आहे. विक्रेत्याच्या वंशाच्या रकान्यावर विसंबता येईल का?

आकडेमोड
आधी तुमच्या हातात किती दारं आहेत ते मोजा. 25 जण, तीन तास, पाच शनिवार म्हणजे 375 तास. उपनगरात घरं सोडत सोडत जावं लागतं, त्यामुळे माणशी तासाला 15 दारं धरा, जास्त नको. एकूण सुमारे 5,600 दारं. एका घरात सरासरी पावणेदोन मतदार धरले तर वॉर्डात 16,000 घरं होतात. म्हणजे तीनातलं एकच दार तुम्ही वाजवू शकता. मोजणी दारांची करा, नावांची नको.

आता 80 चं कोडं. तो स्कोअर बहुधा सम वर्षाच्या नोव्हेंबरमधल्या मोठ्या निवडणुकीसाठी तयार केलेला असतो. ‘80’ म्हणजे अध्यक्षीय किंवा मध्यावधी (अध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध ठरलेल्या) निवडणुकीला हा माणूस बहुतेक येईल. विषम वर्षात नुसत्या नगरपालिकेसाठी पाचातला एक आला तरी बरं म्हणायचं. आकडा खोटा नाही, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. विक्रेत्याला विचारा, मॉडेल (स्कोअर काढणारं सूत्र) कोणत्या निवडणुकीच्या आकड्यांवर शिकवलंय? सांगता आलं नाही तर तो रकाना फक्त क्रम लावायला वापरा, टक्केवारी म्हणून नको.

त्याहून बरं म्हणजे स्वतःचा स्कोअर करा. नॉर्थ कॅरोलायनात हे सोपं आहे, कारण राज्याचं निवडणूक मंडळ मतदार यादी आणि मतदानाचा इतिहास या दोन्ही फाइली कुणालाही फुकट उतरवून घेऊ देतं. इतिहासात कोणाला मत दिलं ते नसतं. कोणत्या निवडणुकीला आले, कोणत्या पद्धतीने मत दिलं (केंद्रावर, आगाऊ की टपालाने) आणि प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली, एवढंच असतं. दोन्ही फाइली जोडताना काउंटीचा नोंदणी क्रमांक वापरू नका. माणूस दुसऱ्या काउंटीत गेला की तो बदलतो. ‘एनसीआयडी’ हा राज्याचा मतदार क्रमांक राज्यभर तोच राहतो, त्यावर जोडा.

शिकवणीसाठी 2023 ची नगरपालिका घ्या. त्या दिवशी आला की नाही, हे उत्तर. रकाने मात्र त्या दिवसाआधीचेच हवेत: 2022 चा नोव्हेंबर, 2022 ची प्राथमिक फेरी, 2020, 2019 ची नगरपालिका, जन्मवर्ष, नोंदणीला झालेली वर्षं, आणि घरातले इतर किती जण आधीच्या नगरपालिकेला आले होते. शेवटचा रकाना फार कामाचा, तो विसरू नका. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (येईल की नाही याची शक्यता काढणारी सांख्यिकी पद्धत) पुरतं.

चुका नेहमी तीन ठिकाणी होतात. पहिली, आजची यादी घेऊन 2023 शिकवणं. मधल्या काळात माणसं गेली, पत्ते बदलले, पक्ष बदलले. मंडळ जुन्या तारखांच्या याद्याही ठेवतं, 2023 च्या सुमाराची घ्या. दुसरी, 2021 चा रकाना. त्या वर्षी जनगणनेचे आकडे उशिरा आले, वॉर्डांच्या सीमा वेळेत आखता आल्या नाहीत, म्हणून वॉर्डवार जागा असलेल्या शहरांच्या निवडणुका 2022 वर ढकलल्या गेल्या. राज्याची राजधानी असलेल्या रॅली शहराची तर कायमची सम वर्षात गेली. तुमचं शहर त्यात असेल तर 2021 ला ‘आला नाही’ असा 0 भरणं चूक, कारण तेव्हा मतदानच नव्हतं. तिसरी चूक सगळ्यात महाग: नवे मतदार. 2024 मध्ये नागरिकत्व मिळालेल्या माणसाचा त्याआधीचा इतिहास कोरा असतो आणि मॉडेल त्याला आळशी ठरवतं. म्हणून ‘किती वेळा आला’ऐवजी ‘नोंदणीनंतरच्या किती निवडणुकांपैकी किती’ असा रकाना करा आणि ज्यांना एकही संधी मिळाली नव्हती त्यांचा गट वेगळा ठेवा.

स्कोअर तयार झाला की शिकवताना न वापरलेल्या मतदारांचे दहा समान गट पाडा. प्रत्येक गटात सरासरी स्कोअर आणि प्रत्यक्ष मतदान शेजारी ठेवून पाहा. 60 च्या गटात 35 टक्केच आले असतील तर यादी कापण्याआधी तो आकडा दुरुस्त करा.

दारोदार
वरच्या प्रतिसादाशी सहमत. कापायचं कुठे ते मी सांगतो.

केविन आर्सेनो आणि डेव्हिड निकर्सन यांनी 2009 मध्ये अकरा क्षेत्रीय प्रयोगांचं पुन्हा विश्लेषण केलं होतं. मोठ्या गाजावाजाच्या निवडणुकीत दार वाजवल्याने एरवी कमी येणारे हलतात. कमी चर्चेच्या निवडणुकीत मात्र एरवी बऱ्यापैकी नियमित येणारेच हलतात. तुमची निवडणूक दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणून स्वतः केलेल्या नगरपालिकेच्या स्कोअरवर 25 ते 65 हा पट्टा आधी घ्या. हे बहुतेक नोव्हेंबरला हमखास येणारे आणि नगरपालिका अधूनमधून चुकवणारे लोक असतात. 10 च्या खालच्यांवर शनिवार घालवू नका. 80 च्या वरचे स्वतःच येतात. त्यांच्याकडे जायचं ते मत मागायला, मतदानाची आठवण करून द्यायला नाही.

आता पाठिंब्याचा 50. यात फार लोक फसतात. 50 म्हणजे माणूस काठावर आहे असं नाही, मॉडेलला त्याच्याबद्दल काही कळलेलं नाही. पक्ष न नोंदवलेला, प्राथमिक फेरीला कधीच न गेलेला, नुकताच राहायला आलेला, असे सगळे मध्ये येऊन पडतात. त्यातले कितीतरी मनाने पक्के ठरलेले असतात. मन वळेल का हे सांगणारा स्कोअर वेगळाच असतो आणि तो फक्त प्रयोगातून मिळतो: चिठ्ठ्या उचलून दोन गट पाडायचे, एकाला संपर्क करायचा, दुसऱ्याला नाही, मग दोन्ही गटांना फोन करून मत विचारायचं. 28,000 मतदारांच्या वॉर्डात हे परवडत नाही.

शिवाय तुमच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. पक्षाच्या पाठिंब्याचा स्कोअर इथे दुय्यम आहे. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी 2018 मध्ये 49 प्रयोग एकत्र मांडले. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराच्या संपर्काने मत वळण्याचा त्यांचा सर्वोत्तम अंदाज शून्य होता. प्राथमिक फेरीत, जिथे पक्षाचं लेबल मदतीला येत नाही, तिथे परिणाम दिसला. नगर परिषद त्याच्या जवळची वाटते मला. म्हणून दारावर उमेदवाराचं नाव आणि एक स्थानिक मुद्दा, एवढंच बोला. उत्तर 1 ते 5 मध्ये लिहा, 1 पक्का आपला, 5 पक्का विरोधातला. ‘विनम्र हसले’ म्हणून 2 लिहिण्याची सवय स्वयंसेवकांना असते, ती पहिल्याच शनिवारी मोडा. स्पष्ट होकार नसेल तर 3.

आणि स्वयंसेवकाच्या कागदावर किंवा ॲपमध्ये स्कोअर छापू नका. दारात उभं राहून ‘तुम्ही मागच्या वेळी आला नव्हतात’ असं कुणी म्हणालं तर ते मत गेलंच समजा. मिशिगनमध्ये 2006 च्या प्राथमिक फेरीआधी शेजाऱ्यांच्या मतदानाचा इतिहास पत्राने कळवला गेला, तेव्हा मतदान 29.7 टक्क्यांवरून 37.8 वर गेलं, हे खरं. पण तो संशोधकांचा प्रयोग होता. शेजाऱ्यांना चव्हाट्यावर आणणारा उमेदवार मागाहून त्याच गल्लीत मत मागू शकत नाही.

नावगाव
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. विक्रेत्याचा रकाना बहुतेक आडनाव आणि पत्ता यांवरून काढलेला असतो. आडनावासाठी जनगणनेची यादी वापरतात. 2010 च्या यादीत देशभरात किमान 100 वेळा आलेली 1,62,253 आडनावं आहेत. तिच्यात नसलेलं आडनाव आलं की मॉडेल पत्त्यावरून अंदाज बांधतं. शिवाय यादी ‘आशियाई’ एवढंच सांगते. भारतीय, व्हिएतनामी आणि कोरियन एकाच खान्यात.

मराठी आडनावांची खास अडचण वेगळी. मोरे, माने, काळे, साने, गोरे ही रोमन लिपीत लिहिली की चक्क इंग्रजी शब्द किंवा आडनावं दिसतात, आणि मॉडेल त्यांना गोरे अमेरिकन ठरवू शकतं. वसईच्या आणि गोव्याच्या फर्नांडिस मंडळींना बहुतेकदा आशियाई धरतच नाही. देशपांडे, कुलकर्णी बरोबर ओळखले जातात. म्हणजे यादी अमुकच समाजांकडे झुकते आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात मतदाराने स्वतः भरलेला वंशाचा रकाना यादीतच असतो, अंदाजाआधी तो बघा. तो कोरा असेल तर जन्मस्थानाचा रकाना बघा; देशाबाहेर जन्मलेल्यांना तिथे ‘ओसी’ असतं. मग पहिलं नाव बघा. ‘मोरे’ फसवेल, ‘ज्ञानेश्वर मोरे’ फसवणार नाही. उरलेली तीन-चारशे नावं दोन मराठी आणि दोन तेलुगू माणसांनी डोळ्यांनी वाचावीत, एका संध्याकाळचं काम. इथेच जन्मलेली मुलं मात्र ‘ओसी’त सापडणार नाहीत. ती त्याच घरातल्या आईवडिलांच्या नावावरून जोडा.

उपनगरी
मनापासून आभार सगळ्यांचे. यादी 25 ते 65 वर आणली, 6,100 दारं झाली. दोन शंका. काही दारं न वाजवता ठेवून शेवटी परिणाम मोजता येईल का? आणि व्हिसावर असलेले स्वयंसेवक यादीचं काम करू शकतात का?

आकडेमोड
मोजता येईल, पण तुमच्या आकाराला निष्कर्ष निघणार नाही. चार दारांमागे एक माणूस भेटतो आणि भेटलेल्यांत मतदान 8 टक्क्यांनी वाढलं असं धरा. संपूर्ण गटात ती वाढ 2 टक्केच दिसते. मूळ मतदान 40 टक्के असताना 42 टक्के झालं, एवढा फरक पकडायला प्रत्येक गटात सुमारे 9,400 मतदार लागतात. त्यापेक्षा जमतील तितकी दारं वाजवा. आगाऊ मतदान सुरू झालं की कोण मत देऊन आले त्याची फाइल मंडळ रोज काढतं. शुक्रवारी रात्री एनसीआयडीवर जुळवून ती नावं काढून टाका. घरातला एक आला आणि दुसरा राहिला असेल तर दार ठेवा, फक्त नाव बदला.

दारोदार
व्हिसावरचे लोक विनामोबदला दारोदार फिरू शकतात, फोन करू शकतात. देणगी देऊ शकत नाहीत, आणि प्रचाराच्या निर्णयांत भाग घेऊ शकत नाहीत. हा संघीय कायदा नगर परिषदेलाही लागू आहे. यादी कुठे कापायची हा निर्णयच आहे, तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाने घ्यावा. आणि स्वयंसेवकांना भेटीची वेळ देताना पाच शनिवारांपैकी शेवटचा आगाऊ मतदानाच्या काळात येतो का ते कॅलेंडरवर बघून घ्या. त्या दिवशी 1 आणि 2 लिहिलेली दारंच परत वाजवायची.