मदत हवी आहे: किंग्स्टन ब्लॅक सफरचंदाच्या जुन्या झाडाला कँकर, वाण कसा टिकवू?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात सॉमरसेटमध्ये, टाँटनजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या घराच्या परसात सफरचंदाचं एक म्हातारं झाड आहे. फळं लहान, काळपट लाल. पहिल्या वर्षी हौसेने एक चावलं, तर काजूबोंड खाल्ल्यासारखा घसा धरला. शेजारचे आजोबा हसायला लागले. म्हणाले, हे खायचं नाही, सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या पेयाचं, किंग्स्टन ब्लॅक. जवळच्याच किंग्स्टन सेंट मेरी गावावरून नाव पडलंय. सायडरला सहसा तीन-चार वाणांचा रस मिसळतात, पण याच्यात आंबट, तुरट आणि गोड असं जमून आलंय की एकट्याचंही सायडर करतात.

आता अडचण. खोडावर आणि दोन जाड फांद्यांवर साल मरून खोलगट खळगे पडलेत, एक फांदी पार वाळली. कँकरच आहे, म्हणजे साल मारणारा बुरशीचा रोग. या वाणाला तो लवकर लागतो असं कळलं. त्यात पानांवर स्कॅब (काळपट डाग पाडणारी बुरशी) आणि जमीन चिकण, हिवाळाभर पाणी तुंबतं.

बाबांनी रत्नागिरीत आयुष्यभर आंब्याची कलमं बांधली. व्हिडिओ कॉलवर झाड बघून म्हणाले, रोगट भाग तासून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लाव, आणि पाऊस लागला की कलम बांध. इथे घरच्या बागेसाठी बोर्डो विकत मिळत नाही. आणि पाऊस? तो बारा महिने लागलेलाच असतो!

झाड गेलं तरी चालेल, वाण जायला नको. कलमासाठी काड्या कधी काढू? काडीतून रोग नव्या झाडात जाईल का? खुंट (ज्यावर काडी बांधायची ते मुळाचं रोप) एमएम १०६ जातीचा घ्यावा की एम २५? आणि हे किंग्स्टन ब्लॅकच आहे याची खात्री कशी करायची? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

कलमाचं बाबांचं बरोबर, फक्त ऋतू उलटा. झाड झोपेत असताना, जानेवारीत काड्या काढा: गेल्या हंगामाची पेन्सिलएवढी फूट, एकही डाग नसलेली, कँकरपासून लांबची. ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये. शेजारी फळं ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने काडीचे डोळे (कळ्या) खराब होतात. मार्चमध्ये जिव्हा कलम: काडी आणि खुंट तिरके कापून, खाचा एकमेकींत अडकवून बांधायचे.

एम २५ वर झाड प्रचंड होतं. एमएम १०६ आटोपशीर, पण पाणी तुंबलं तर बुंध्याशी कुजतो, तेव्हा उंचवट्यावर लावा.

कँकर तासायचा तो उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी, निरोगी लाकूड लागेपर्यंत. स्कॅब गळलेल्या पानांत हिवाळा काढतो. पानं गोळा करा. वाणाची खात्री पानांच्या डीएनए चाचणीने होते. आणि सोबत एक डॅबिनेट (सायडरच्याच सफरचंदाचा वाण) लावाच. तोही सॉमरसेटचा, पण फळाला भरवशाचा.

धागाकर्ता

मनापासून आभार! फ्रिजमधली सफरचंदं आजच बाहेर काढली. बाबांचा अजून विश्वास बसत नाहीये, ‘काडी फ्रिजात?’ एकच राहिलं: खुंट आत्ताच आणून कुंडीत लावू, की मार्चमध्ये कलम बांधूनच जमिनीत?