बॉक्स काढला म्हणजे सुटलो?
'ट्यूनिंग बॉक्स काढला की गाडी जशीच्या तशी, मग भीती कसली?' हे म्हणणं अर्धंच खरं आहे. इंजिनाची ताकद वाढवायला लावतात तो हा बॉक्स डिझेल गाडीत रेल प्रेशर सेन्सर (डिझेलचा दाब मोजणारा) आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) यांच्या मध्ये बसतो आणि चक्क थाप मारतो: दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, गाडी पळते. मी वर्षभर वापरला. ओव्हरटेक करताना मजा यायची, खोटं कशाला बोलू! पण डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरायचा आणि शेवटी चढावर चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरायला लागला. बॉक्स दहा मिनिटांत निघाला, झिजलेला क्लच थोडाच परत येतो?

ओबीडी पोर्टात (गाडीतले दोष तपासायच्या सॉकेटात) खोचायचं 'मायलेज वाढवणारं' स्वस्त डोंगलही मी उघडून पाहिलंय. आत लुकलुकणारे एलईडी, बाकी ठणठणाट.