मदत हवी आहे: पॉवर बीआयमध्ये वर्षाचा स्लायसर लावला की टक्केवारी चुकते

नमस्कार मंडळी,

पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) विक्रीचा रिपोर्ट करतोय. विक्रीच्या टेबलाला कॅलेंडर आणि विभाग अशी दोन टेबलं जोडलेली आहेत, पेजवर वर्षाचा आणि विभागाचा स्लायसर (पेजवरूनच फिल्टर निवडायची चौकट) आहे. एकूण विक्रीत प्रत्येक विभागाचा वाटा किती, हे टक्क्यांत हवंय. छेदात कॅल्क्युलेट (फिल्टर बदलून हिशोब करणारं फंक्शन) वापरून विक्रीच्या अख्ख्या टेबलावर ऑल (फिल्टर काढून टाकणारं फंक्शन) लावलंय.

वर्ष निवडलेलं नसतं तेव्हा सगळं बरोबर. २०२४ निवडलं की घोळ. सोपे आकडे घेतो: २०२३ची विक्री ४००, २०२४ची ६००, त्यात पूर्व विभागाची १५०. यायला हवेत २५ टक्के, येतात १५. टोटलच्या ओळीत तर १००ऐवजी ६० टक्के! छेद १०००च राहतोय हे दिसतंय, पण वर्ष तर कॅलेंडरच्या टेबलात आहे, मग ऑलने त्याचा फिल्टर का उडावा?

ऑलसिलेक्टेड (स्लायसरमधली निवड राखणारं फंक्शन) लावून पाहिलं. वर्षाचं जमलं, पण स्लायसरमध्ये दोनच विभाग निवडले की त्या दोघांचेच मिळून १०० होतात. मला छेद वर्षाप्रमाणे बदलायला हवाय, विभागाप्रमाणे नाही.

जाता जाता आणखी एक. तीच लिंक, त्याच वेळचं रिफ्रेश, तरी साहेबांना वेगळा आकडा दिसतो. असं का होत असावं?

प्रतिसाद १

विक्रीच्या टेबलावर ऑल लावलं की नात्याने जोडलेल्या, 'एक' बाजूच्या (ज्यांत प्रत्येक तारीख किंवा विभाग एकदाच येतो अशा) टेबलांवरचे फिल्टरही जातात. म्हणून कॅलेंडरमधलं वर्षही गेलं. अख्ख्या टेबलाला हात लावू नका, फक्त विभागाच्या टेबलावर ऑल लावा (रिमूव्हफिल्टर्सही चालेल, वाचताना हेतू लगेच कळतो). मग छेद ६०० येईल, आणि दोन विभाग निवडले तरी ६००च राहील.

ऑलसिलेक्टेड चुकीचं नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: 'मी निवडलेल्यांमध्ये कुणाचा वाटा किती?' टक्का नक्की कशाचा, हे रिपोर्ट वाचणाऱ्याला विचारून घ्या आणि कॉलमच्या नावातच लिहा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

साहेबांचं म्हणाल तर पॉवर बीआय सर्व्हिस (वेबवरचं पॉवर बीआय) प्रत्येकाने शेवटी लावलेले फिल्टर लक्षात ठेवते. त्यांना रीसेटचं बटण दाबायला सांगा. तरीही फरक राहिला तर रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याची मर्यादा) लावली आहे का ते पाहा.

धागाकर्ता

विभागाच्या टेबलावर ऑल लावलं, २५ आले! साहेबांच्याकडे जुन्या वर्षाचा फिल्टर तसाच होता, रीसेट केल्यावर आकडे जुळले. आता एकच शंका: विभागाच्या टेबलात झोनचाही कॉलम आहे. उद्या झोनचा स्लायसर लावला आणि छेद त्या झोनपुरताच हवा असेल तर?

प्रतिसाद १

मग टेबलाऐवजी विभागाच्या नावाच्या कॉलमवरच ऑल लावा, झोनचा फिल्टर शाबूत राहील. फक्त विभागाच्या नावाला 'सॉर्ट बाय कॉलम' (दुसऱ्या, क्रमांकाच्या कॉलमप्रमाणे क्रम लावणं) लावलेलं असेल तर तो क्रमांकाचा कॉलमही ऑलमध्ये घ्या, नाहीतर सगळीकडे १०० टक्के दिसतील.